प्रोसिडिंग कोण वाचतं?

धाडच्या मतदाराला पाच वर्षांत किती वेळा विचारलं जातं, याचा हिशोब सोपा आहे. लोकसभेला एकदा, विधानसभेला एकदा, जिल्हा परिषद आणि पंचायत समितीला एकाच दिवशी दोन बटणं, आणि ग्रामपंचायतीला सदस्य वेगळा, सरपंच वेगळा. त्यातही गाव बुलडाणा तालुक्यातलं, पण आमदार निवडायचा तो चिखली मतदारसंघाचा. म्हणजे तहसीलचं काम एका गावाला आणि आमदाराचं दुसऱ्या. शिवेपलीकडे मराठवाडा, भोकरदन तालुका. असं हे कडेचं गाव.

त्या हिशोबातलंही एक पान मधे गळून पडलं. 2022 च्या मार्चमध्ये बुलडाण्यासह राज्यातल्या बहुतेक जिल्हा परिषदांची आणि त्यांच्याबरोबर पंचायत समित्यांची मुदत संपली. ओबीसी आरक्षणाचा प्रश्न न्यायालयात अडकला, निवडणुका लांबत गेल्या आणि प्रशासक बसले. वर्षानुवर्षं जिल्हा परिषदेत गावाचा कोणी निवडलेला माणूस नव्हता. त्या काळातही ग्रामसभा मात्र कायद्याने चालूच होती, कारण तिची मुदत संपत नाही. ती कोणी निवडून देत नाही, त्यामुळे ती बरखास्तही होत नाही. गावच्या मतदारयादीत नाव असलेला प्रत्येक माणूस तिचा सभासद असतो, आणि ते नाव यादीत असेपर्यंत असतो.

ही एवढी मोठी गोष्ट गावोगाव कशी काय विसरली गेली, त्याचं उत्तर आपल्याच तोंडी बसलेल्या काही वाक्यांत आहे. ती एकेक करून तपासू.

“मत देल्लं, आता त्याह्यचं ते पाह्यतीन”

हा सगळ्या गैरसमजांचा बाप. मत देणं म्हणजे मुखत्यारपत्र लिहून देणं, अशी ही समजूत.

संविधानाची 73 वी दुरुस्ती 24 एप्रिल 1993 पासून लागू झाली. तिने पंचायतींना घटनात्मक दर्जा दिला, हे सगळ्यांना पाठ असतं. त्याच दुरुस्तीने अनुच्छेद 243-क मध्ये ग्रामसभा घटनेत आणली, हे कमी जणांच्या लक्षात राहतं. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम मुळात 1958 चा. त्यात 2003 च्या सुमारास ग्रामसभेचे अधिकार वाढवले गेले. गावचा विकास आराखडा मंजूर करणं, विकासकामांवरच्या खर्चाला परवानगी देणं, घरकुलासारख्या योजनांचे लाभार्थी निवडणं, आणि गावात काम करणाऱ्या सरकारी, निमसरकारी व ग्रामपंचायतीच्या कर्मचाऱ्यांवर शिस्तविषयक नियंत्रण ठेवणं. शेवटचं कलम पुन्हा एकदा वाचावं असं आहे. शाळेचे गुरुजी येत नाहीत, आरोग्य उपकेंद्राला कुलूप असतं, तलाठी सापडत नाही, ही कुरकुर पारावर करायची असते असं आपण धरून चालतो. कायदा म्हणतो, ती ग्रामसभेत करा, नोंदवा आणि गटविकास अधिकाऱ्याला कळवा. पुढची चौकशी त्याने करायची.

सरपंच आणि सदस्य हे या सभेचे कारभारी. मालक कोण, हे कायद्याने स्पष्ट केलं आहे. फक्त मालक सभेला येत नाहीत.

“कोरम झाला नाही, सभा रद्द”

इथे जरा थांबायला हवं, कारण खरी मेख इथे आहे.

वर्षातून किमान चार ग्रामसभा घ्याव्याच लागतात. सरपंचाने सबळ कारणाशिवाय त्या घेतल्या नाहीत तर त्याचं पद जाऊ शकतं आणि ग्रामसेवकावर निलंबनाची वेळ येऊ शकते. (ग्रामसेवक हे पदनाम 2024 पासून ‘ग्रामपंचायत अधिकारी’ झालं; गावात मात्र ‘ग्रामसेवक’ जायला अजून एक पिढी लागेल.) नेमके दिवस म्हणून 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट आणि 2 ऑक्टोबर रूढ झाले. झेंडावंदन आटोपलं, पोरांना खाऊ वाटला, आणि सभा. नोटीस किमान सात दिवस आधी निघायला हवी, दवंडी द्यायला हवी.

गणपूर्तीचा नियम असा: एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यांपैकी जो आकडा कमी असेल तो. साधा हिशोब केला तर साधारण पावणेसातशे मतदारांच्या पुढचं कुठलंही गाव घ्या, तिथे 100 माणसं पुरतात. धाड हे बाजारपेठेचं, हजारोंच्या वस्तीचं गाव. तिथेही 100 च. कुणाला हा आकडा लाजिरवाणा वाटेल, की एवढ्या मोठ्या गावाचा निर्णय शंभर जणांनी घ्यायचा! पण त्याची दुसरी बाजू पाहा. एका वॉर्डातल्या चार गल्ल्यांनी ठरवलं, दोन बचतगट आणि एक गणेश मंडळ एकत्र आलं, तर शंभर माणसं जमतात. लग्नाच्या पंगतीला याहून जास्त लागतात.

आणि शंभरही जमली नाहीत तर? सभा रद्द होत नाही, तहकूब होते. तहकूब झालेली सभा पुन्हा भरते तेव्हा तिला गणपूर्तीची अटच नसते. पहिल्या सभेला ऐंशी माणसं आली, कोरम नाही म्हणून घरी गेली; दुसऱ्या सभेला बारा आली आणि त्या बारांनी वर्षभराचा आराखडा मंजूर केला. हे पूर्ण कायदेशीर आहे. ज्यांना गर्दी नको असते त्यांना हा नियम तोंडपाठ असतो. म्हणून ‘कोरम नाही, सभा रद्द’ हे वाक्य कानावर आलं की घरी जाण्याआधी एकच प्रश्न विचारायचा: तहकूब सभा कधी?

हजेरीबद्दलही थोडं बोललं पाहिजे. सभेच्या हजेरीपटावर सही करताना माणूस फक्त ‘मी आलो होतो’ एवढंच म्हणतो, ठरावाला संमती देत नाही. पण सभेनंतर घरोघर फिरवलेल्या वहीवर जेव्हा सह्या होतात, तेव्हा न आलेला माणूस आलेला ठरतो आणि न झालेली सभा झालेली ठरते. शिपायाने वही पुढे केली की ‘अर्रे, तो आपलाच’ म्हणून आपण पेन उचलतो. माझ्या मते गावाच्या लोकशाहीचं सगळ्यात जास्त नुकसान या भिडेने केलं आहे. कुठल्याही पुढाऱ्याने केलं त्याहून जास्त.

“ग्रामसभेत भांडणंच होतात, बोलून काय उपयोग?”

भांडणं होतात, खरं आहे. पण सभेत कोण मोठ्याने बोललं यावर काहीच ठरत नाही. ठरतं ते प्रोसिडिंगवर. इतिवृत्ताच्या वहीत काय लिहिलं गेलं, सूचक कोण, अनुमोदक कोण, ठराव क्रमांक किती. तालुक्याला जातं ते हे. पंचायत समितीतला माणूस तुमचं भाषण ऐकायला येत नाही. तो ठरावाची नक्कल मागतो.

विषयपत्रिका कधी नीट पाहिली आहे? पहिला विषय बहुधा ‘मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे’. हा विषय दोन मिनिटांत उरकतो: ‘वाचलं, मंजूर.’ खरं तर इथेच सगळ्यांनी कान टवकारायला हवेत. मागच्या वेळी आपण जे बोललो ते वहीत आलं का, आणि जे बोललोच नव्हतो ते आलं का, हे पाहण्याची ही हक्काची जागा. शेवटचा विषय ‘ऐनवेळी येणारे विषय, मा. अध्यक्षांच्या परवानगीने’. लोक उठायला लागलेले असतात, पोरं रडत असतात, आणि तेव्हा आत येणारे विषय कधी कधी सगळ्या सभेपेक्षा वजनदार असतात.

पहिला आणि शेवटचा विषय ज्या गावात वाचला जातो, त्या गावाला वेगळा सहभाग शिकवायची गरज पडत नाही.

कागद गावासमोर वाचला की काय होतं, ते राजस्थानात दिसलं. मजदूर किसान शक्ती संघटनेने 2 डिसेंबर 1994 रोजी पाली जिल्ह्यातल्या कोटकिराणा इथे जनसुनावणी भरवली. व्यासपीठावर भाषणं नव्हती. रोजगाराच्या कामांचे मस्टर आणि बिलं गावासमोर मोठ्याने वाचली गेली. कामावर कधीच न गेलेल्यांची नावं, कधीच न बांधलेल्या कामांचा खर्च, लोकांनी ऐकलं आणि लोकच उभे राहून बोलले. पुढे माहिती अधिकाराची देशभरची चळवळ त्यातून उभी राहिली, आणि 2005 च्या केंद्रीय रोजगार हमी कायद्यात, कलम 17 मध्ये, सामाजिक अंकेक्षण ग्रामसभेकडे दिलं गेलं. मुळाशी गोष्ट एवढीच होती, की सरकारी कागद ज्यांच्या नावाने लिहिला, त्यांच्यासमोर वाचायचा.

“ठराव म्हणजे नुसता कागद”

अर्धं खरं, म्हणून जास्त फसवं.

ग्रामसभेचे ठराव एका वजनाचे नसतात. लाभार्थ्यांची यादी, गावचा आराखडा, ग्रामपंचायतीचा विकासखर्च या बाबतीत कायद्याने ग्रामसभेला निर्णयाची जागा दिली आहे. तिथला ठराव ओलांडून पुढे जाणाऱ्याला उत्तर द्यावं लागतं. ‘एसटीची फेरी वाढवा’, ‘रस्ता राष्ट्रीय महामार्ग करा’, ‘धरणाची उंची वाढवा’ हे ठराव मात्र मागणीचे असतात. ते विनंतीपत्राच्या पुढे जात नाहीत. गाव बहुतेक वेळा दुसऱ्या प्रकारचे ठराव जोरात करतं आणि पहिल्या प्रकारचे ठराव झोपेत मंजूर करतं. मग ‘ठरावाने काही होत नाही’ हा अनुभव पक्का होतो.

ठरावात किती ताकद असू शकते याचं टोकाचं उदाहरण आपल्याच विदर्भात आहे. गडचिरोली जिल्ह्यातल्या धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा). ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा त्या गावाची. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांची नावं या गावाबरोबर जोडली गेली, पण गावाची पद्धत नावांपेक्षा महत्त्वाची: निर्णय सर्वसहमतीने, आणि निर्णयाआधी अभ्यास गटात त्या विषयाची उस्तवार. बहुमताने कोणाला हरवायचं नाही, पटेपर्यंत बसायचं. वनहक्क कायदा 2006 चा. त्याखाली मेंढ्याला 2009 मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर. तरीही बांबू विकायचा तर वाहतूक परवाना वनखात्याचाच लागायचा. 2011 च्या एप्रिलमध्ये तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि राज्याचे मुख्यमंत्री गावात आले आणि परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं. हक्क मिळाल्यापासून परवाना पुस्तक हाती येईपर्यंत दोन वर्षं गेली. कायदा आणि कागद यांच्यातलं अंतर एवढं असतं.

आता सावधगिरीचा एक शब्द. मेंढा अनुसूचित क्षेत्रात आहे. तिथे 1996 चा पेसा कायदा आणि राज्याचे 2014 चे पेसा नियम ग्रामसभेला जास्तीचे अधिकार देतात. धाड अनुसूचित क्षेत्रात नाही. मेंढ्याची नक्कल इथे होणार नाही, आणि जो वक्ता तसं सांगतो तो टाळ्या घेऊन निघून जातो. पण वनहक्क कायदा अनुसूचित क्षेत्रापुरता नाही. चंद्रपूर जिल्ह्यातलं पाचगाव त्या क्षेत्राबाहेरचं. तिथे 2012 मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला आणि गावाने बांबूचा कारभार स्वतः हाती घेतला.

जंगल नसलेल्या गावाला जवळचं उदाहरण हिवरे बाजारचं. अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातलं हे गाव पोपटराव पवारांमुळे जगाला माहीत झालं. पाहुणे तिथले बंधारे पाहतात, फोटो काढतात. पण बंधारे राज्यभर हजारो बांधले गेले आणि त्यांतले कित्येक कोरडे आहेत. हिवरे बाजारला वेगळी आहे ती पाण्याच्या ताळेबंदाची सभा. पावसाळा संपला की यंदा पाऊस किती पडला, जमिनीत किती मुरला, पिण्याला किती राखायचं, हे गावासमोर मांडलं जातं, आणि त्यावर कुठलं पीक घ्यायचं नि कुठलं टाळायचं हे ठरतं. शेतीसाठी बोअर घ्यायची नाही, हा गावाचा निर्णय. सोयाबीन आणि कपाशीच्या आपल्या पट्ट्यात विहिरीचं पाणी अजूनही ज्याचं त्याचं समजलं जातं. ते गावाचं आहे हे मान्य करणं बंधाऱ्यापेक्षा अवघड.

“लोकसहभाग म्हणजे श्रमदान”

सरकारी परिपत्रकांत ‘लोकसहभाग’ हा शब्द फार येतो. जरा बारकाईने वाचलं तर त्याचा अर्थ बहुधा असा निघतो: काम तुम्ही करा, पैसे थोडे तुम्ही घाला, निर्णय आम्ही घेतलेला आहे. 2003 पासून राबवलेल्या जलस्वराज्य योजनेत पाणीपुरवठ्याच्या भांडवली खर्चाच्या 10 टक्के लोकवर्गणी होती. वर्गणी भरलेल्या माणसाला जर टाकीची जागा कुठे हे विचारायची संधी नसेल, तर त्याला सहभाग म्हणायचं की पट्टी?

श्रमदानाला मी कमी लेखत नाही. पानी फाउंडेशनच्या 2018 च्या वॉटर कप स्पर्धेत शेजारच्या मोताळा तालुक्यातल्या सिंदखेडने राज्यात दुसऱ्या क्रमांकाचं बक्षीस विभागून घेतलं. एप्रिल-मेच्या उन्हात, बुलडाणा जिल्ह्याच्या उन्हात, लोकांनी चर खणले. ते जिवंत काम होतं. स्पर्धेचे 45 दिवस लोकांना एकत्र आणतात यात शंका नाही. प्रश्न 46 व्या दिवसाचा आहे. साठलेलं पाणी कोणी किती उपसायचं, गाळ कोणी काढायचा, देखभालीचा पैसा कुठून, हे ठरवायला कुदळ पुरत नाही, सभा लागते. श्रमदानात गाव हातांनी सामील होतं. ते वाटपाच्या निर्णयातही सामील झालं, तर ते पाणी पुढच्या उन्हाळ्यात कोणाच्या विहिरीत आहे हे सगळ्यांना माहीत असतं.

“बायका काय बोलणार सभेत?”

कायद्याने नियमित ग्रामसभेच्या आधी महिलांची स्वतंत्र सभा घ्यावी लागते आणि तिथे जे ठरेल ते ग्रामसभेत मांडावं लागतं. 2011 पासून स्थानिक संस्थांमध्ये निम्म्या जागा महिलांच्या आहेत. तरी खुर्चीवर बाई आणि बोलायला नवरा, हे चित्र पुसलेलं नाही, आणि त्यावर विनोद करणारे स्वतःच्या घरातल्या बाईला महिला सभेला पाठवत नाहीत.

पण बायकांनी वापरलेलं एक हत्यार असं आहे की त्याची बरोबरी पुरुषांच्या कुठल्याही मोर्चाला आलेली नाही: आडवी बाटली. 2008 च्या आदेशानुसार गावातल्या 25 टक्के महिला मतदारांनी सह्यांनिशी मागणी केली, की राज्य उत्पादन शुल्क विभाग सह्या पडताळतो आणि परवानाधारक दारू दुकान ठेवायचं की बंद करायचं यावर गुप्त मतदान होतं. मतपत्रिकेवर उभी बाटली आणि आडवी बाटली.

या मतदानाची रचना निवडणुकीपेक्षा पार वेगळी आहे. निवडणुकीत जे आले नाहीत ते मोजले जात नाहीत. आलेल्यांत ज्याला जास्त मतं, तो जिंकला. इथे एकूण महिला मतदारांच्या निम्म्याहून जास्त मतं आडव्या बाटलीला लागतात. म्हणजे जी बाई शेतातून आली नाही, जिचं सासर दुसऱ्या गावी आहे पण नाव अजून माहेरच्या यादीत आहे, जी वारल्यावरही यादीतून वगळली गेली नाही, त्या सगळ्या उभ्या बाटलीच्या खात्यात जातात. दारूवाल्याला एकही मत मिळवावं लागत नाही. बायका घरातून निघणार नाहीत एवढी काळजी घेतली की पुरे. म्हणून या लढाईची सुरुवात घोषणांनी होत नाही. ती मतदारयादी दुरुस्त करण्यापासून होते. हे ज्या गावच्या बायकांनी ओळखलं त्या जिंकल्या, ज्यांनी फक्त मोर्चा काढला त्या हरल्या. आणि हेही खरं, की हा नियम परवान्याच्या दुकानाला लागतो. हातभट्टीला परवानाच नसतो, तिथे पोलीस लागतात.

“माहिती अधिकार हा ब्लॅकमेलरांचा धंदा झालाय”

काहींनी धंदा केला, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण हे वाक्य सगळ्यात जास्त कोणाच्या तोंडी असतं, ते पाहावं.

महाराष्ट्राने या विषयात देशाच्या आधी पाऊल टाकलं. 2000 मध्ये एक दुबळा कायदा झाला, अण्णा हजारेंच्या आंदोलनाच्या रेट्याने 2002 चा सुधारित कायदा आला, आणि केंद्राचा 2005 चा कायदा आल्यावर तोच सगळीकडे लागू झाला. राज्यात अर्जाला 10 रुपये लागतात आणि 30 दिवसांत उत्तर मिळायला हवं. 2012 पासून राज्याच्या नियमांनी अर्ज 150 शब्दांत आणि एका विषयापुरता ठेवायला सांगितलं आहे. याची तक्रार करणारे खूप, पण मला वाटतं ज्याला नेमकं काय हवं ते कळलंय त्याला 150 शब्द जास्तच होतात.

अर्जाच्याही अलीकडे एक वाट आहे. 2018 मध्ये राज्य सरकारने जिल्हास्तरावरच्या कार्यालयांना आणि स्थानिक स्वराज्य संस्थांना सोमवारी दुपारी 3 ते 5 या वेळेत नागरिकांना अभिलेख पाहू द्यायला सांगितलं. ही पद्धत पुणे महापालिकेत आधी रुळली होती. अर्ज लिहिला की कार्यालय सावध होतं. समोर बसून फाइल पाहिली की माणसाला काय मागायचं ते कळतं. ग्रामपंचायतीचं दप्तर 33 नमुन्यांचं असतं. त्यातले दोन ओळखले तरी पुष्कळ: नमुना 5, सामान्य रोकड वही, म्हणजे पैसा आला-गेला, आणि नमुना 8, कर आकारणी, म्हणजे कोणाच्या घरावर किती पट्टी बसली आणि कोणाच्या घरावर बसलीच नाही.

धोका आहे का? आहे. तळेगाव दाभाड्याच्या सतीश शेट्टी यांनी जमीन व्यवहारांची माहिती बाहेर काढली आणि जानेवारी 2010 मध्ये सकाळी फिरायला गेलेले असताना त्यांचा खून झाला. एकट्याने मागितलेली माहिती एकट्याच्या जिवावर येते. तीच माहिती ग्रामसभेने ठरावाने मागितली तर मागणारा कोण हे शोधून उपयोग नसतो.

“ऑनलाइन तक्रार केली, झाला सहभाग”

आपले सरकार पोर्टल आहे, ई-ग्रामस्वराजवर ग्रामपंचायतीचा आराखडा आणि खर्च दिसतो, 2015 च्या लोकसेवा हक्क अधिनियमामुळे अधिसूचित दाखला मुदतीत दिला नाही तर अधिकाऱ्याला 500 ते 5,000 रुपये दंड होऊ शकतो. सगळं कामाचं. पण माझा दाखला मला मिळाला, यात गावाचा काही निर्णय झालेला नसतो. तक्रारदार हा गिऱ्हाईक असतो.

“असलं सगळं परदेशात चालतं, नाहीतर शहरात”

ब्राझीलमधल्या पोर्तो अलेग्रे शहराने 1989 पासून अर्थसंकल्पातला काही पैसा कुठे घालायचा हे वस्त्यांच्या सभांवर सोपवलं, आणि ती पद्धत जगभर गेली. आयर्लंडने 99 सामान्य नागरिक चिठ्ठीसारख्या निवडीने एकत्र आणून त्यांना गर्भपातासारख्या पेटत्या विषयावर अभ्यास करायला बसवलं. त्यांच्या शिफारशीनंतर 2018 मध्ये सार्वमत झालं. पुण्यात 2006 पासून नागरिक प्रभागातली छोटी कामं अर्जाने सुचवू शकतात. कल्पना चांगली, पण तिथे लोक एकमेकांसमोर बसून वाद घालत नाहीत, नुसते अर्ज टाकतात. शहरांसाठी 2009 मध्ये क्षेत्रसभेची तरतूद कायद्यात आली. ती कुठे नियमित भरते असं ऐकू येत नाही. पुण्या-मुंबईच्या माणसाला आपल्या गल्लीचा खर्च विचारायला जी सभा मिळालेली नाही, ती धाडच्या माणसाला वर्षातून चार वेळा मिळते.

आणि हे आयात केलेलंही नाही. पूर्वी गावचा वाद गोतसभेत निघायचा, निवाड्याचा महजर व्हायचा, त्यावर पाटील-कुणब्याचा नांगर, बलुतेदारांच्या आपापल्या हत्यारांच्या निशाण्या. निरक्षर माणसालाही कागदावर जागा होती. त्या सभेचे उगाच गोडवे गायला नकोत. ती वतनाची आणि जातीची सभा होती, बाई तिथे क्वचितच. आजच्या ग्रामसभेत ती अट नाही. कागदावर निशाणीची जागा सहीने घेतली. मात्र सही करण्याआधी कागद वाचायचा, हे तेव्हाही अपेक्षित होतं.

“सरपंच थेट निवडला, आता तो गावाचा”

थेट सरपंचाची पद्धत 2017 मध्ये आली, 2020 मध्ये गेली, 2022 मध्ये परत आली. सरकार बदललं की सरपंच निवडायची रीत बदलते, यावरून ती कोणाच्या सोयीची हे कळावं. थेट निवडलेला सरपंच सदस्यांना जुमानत नाही अशी तक्रार असते. पण त्याच तरतुदीत गावाकडे एक लगाम आहे. तीन चतुर्थांश सदस्यांनी अविश्वास मंजूर केला, तरी तेवढ्याने सरपंच जात नाही. विशेष ग्रामसभेत गुप्त मतदान होतं आणि तिथल्या बहुमताने तो जातो किंवा राहतो. पहिल्या दोन वर्षांत हा ठराव आणता येत नाही. म्हणजे आपल्या आमदाराला परत बोलावायचा हक्क ज्या मतदाराला नाही, त्याला सरपंचाबाबत तो आडवळणाने का होईना मिळालेला आहे. फोडाफोडी करून सरपंच पाडण्याचे जुने धंदेही त्यामुळे अवघड झाले, हे चांगलंच.

“एकटा माणूस काय करणार?”

आराखड्याचं वेळापत्रक समजून घेणार, हे आधी. 2018 पासून दर वर्षी 2 ऑक्टोबरच्या सुमारास पुढच्या वर्षाचा गावचा आराखडा करण्याची मोहीम सुरू होते. पैशाची चौकट आधीच आखलेली असते. 15 व्या वित्त आयोगाच्या काळात राज्यात आलेल्या निधीतले 80 टक्के ग्रामपंचायतीला, 10 टक्के पंचायत समितीला आणि 10 टक्के जिल्हा परिषदेला अशी वाटणी ठरली. ग्रामपंचायतीकडे आलेल्या पैशातले 60 टक्के पाणी आणि स्वच्छतेलाच घालायचे. मोकळे उरायचे 40. शिवाय स्वतःच्या उत्पन्नातले 15 टक्के मागासवर्गीयांसाठी, 10 टक्के महिला व बालकल्याणासाठी, 5 टक्के दिव्यांगांसाठी. हे आकडे माहीत असलेल्या माणसाला ‘पैसाच नाही’ असं सांगून वाटेला लावता येत नाही. तो विचारतो, गेल्या वर्षी 5 टक्क्यांचं काय झालं, कोणाला काय मिळालं, नमुना 5 मध्ये ती नोंद कुठल्या पानावर आहे.

दुसरं, तो विषय लेखी देणार. सभेच्या दिवशी तोंडी मांडलेला विषय ऐनवेळच्या विषयांत ढकलला जातो आणि लोक उठत असताना विरून जातो. तोच विषय नोटीस निघण्याआधी ग्रामपंचायतीत कागदावर देऊन पोच घेतली, तर विषयपत्रिकेत येण्याची शक्यता वाढते. आला नाही, तर का आला नाही हे पहिल्याच विषयाला, इतिवृत्त वाचताना, उभं राहून विचारायला हातात तारीख आणि शिक्का असतो.